डोमाजीसाठी दोन मिनिटं

डोमाजी जिवंत आहे. हे आधी.

बाकी सगळं नंतर. कारण घाटंजीतल्या त्या संध्याकाळी नेमकं हेच कोणी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी डोमाजी तिकडे पुण्याजवळ, एका गोदामाच्या फाटकावर, प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. गळ्यात शिट्टी, मांडीवर डबा. आणि त्याच वेळी इकडे, बंद पडलेल्या एका जिनिंगच्या टिनाच्या शेडमध्ये, पांढरे ड्रेस घातलेली पोरंपोरी त्याच्यासाठी मान खाली घालून उभी होती. त्यांत त्याचा मुलगाही होता. आपण कोणासाठी उभे आहोत हे मुलालाही ठाऊक नव्हतं.

*

उन्हाळ्यात कराटेचा क्लास बंद असतो. टीन तापतं, खालची फरशी तापते, अनवाणी पाय ठेववत नाही. शाळेची घंटा पुन्हा वाजली की क्लासही सुरू होतो.

तोवर अंग सगळं विसरलेलं असतं. कंबरेच्या वर जाणारी लाथ गुडघ्याशी थांबते. ड्रेस आखूड झालेला असतो. प्रेरणानं बेल्टची गाठ उलटी बांधली आणि ती सुटून पायात आली. शेडच्या छताच्या कैच्यांना जुन्या हंगामाचा कापूस जाळ्यांसारखा लोंबत होता. नवा लोंबायचा प्रश्न नव्हता. काही सालांपूर्वी बोंडअळीनं कापूस खाल्ला तेव्हाच मालकानं मशीन काढून नेली, आणि रिकामी शेड बाबूसिंग सरांना क्लाससाठी दिली.

बाबूसिंग सर होमगार्डमध्ये. आवाज शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा.

"मामाच्या गावी आंबे खाऊन आले सारे! म्हशी झाल्या पाह्य! ए, पोट आत घे. तुह्या पोटानं तुह्या आधी हजेरी लावली."

पोरं हसत होती. मग दारातून अश्वजित आला आणि हसणं थांबलं.

त्याचं डोकं तुळतुळीत होतं.

*

डोक्याबद्दल.

या भागात भादरलेल्या डोक्याच्या पोराला कोणी काही विचारत नाही. बाप गेला की मुलगा केस देतो. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी, कपाशीवरच्या फवारणीचं विष बाधून माणसं जात होती तेव्हा, शाळेच्या रांगेत अशी डोकी दिसायची, आणि मास्तर हजेरी घेताना त्यांच्यावरून नजर पुढे नेत.

अश्वजितच्या घरात कोणी वारलं तर केस देत नाहीत. छप्पन्न सालानंतर त्याच्या आजोबांनी जे जे सोडलं, त्यात हेही सोडलं. त्याच्या वस्तीत पोरांची डोकी भादरली जातात ती श्रामणेर शिबिरात. भंतेजी वस्तरा फिरवतात, अंगावर चीवर देतात. पहाटे वंदना, हातात भिक्षापात्र, दुपारच्या आत एकदाच जेवण. शिबिर संपलं की चीवर परत करून पोरं घरी. शिबिर मे महिन्यात असतं, म्हणून शाळा उघडेपर्यंत केस येतात. यंदा ऊन उतरेना, टँकर मिळेना, म्हणून ते जूनमध्ये सरकलं. केस यायला वेळच मिळाला नाही.

वस्ती आणि क्लास यांच्यामध्ये एक नाला आहे, त्यावर पूल आहे. इकडच्या गोष्टी तिकडे जातात. ही गेली नव्हती.

आणि अश्वजितचा बाप डोमाजी उन्हाळ्यापासून कोणाला दिसला नव्हता.

*

बाबूसिंग सरांनी अश्वजितच्या डोक्यावर तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला.

"घरी या लागत होतं मले. ड्यूटी होती."

"कायले, सर?"

सरांना तो प्रश्न वाटलाच नाही. त्यांनी मान हलवली, पोराचा खांदा दाबला आणि सगळ्यांना रांगेत घेतलं.

"आपल्यातल्या एकाच्या घरी वाईट झालं. नाव घेत नाही. दोन मिनिटं."

अश्वजितनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. शेजारी ऋतिक. त्याची मान सगळ्यांत खाली. अश्वजितला वाटलं, याच्याचसाठी असेल. ऋतिकचे वडील विठ्ठलराव गेल्या साली फवारणीत गेले होते. काही श्राद्ध वगैरे असेल, त्यांच्यात असतं. मग त्यानं मनापासून विठ्ठलरावांना आठवायचा प्रयत्न केला. एकदा पोराला घ्यायला आले होते, मोटरसायकल बंद न करता बाहेर थांबले होते, एवढंच आठवलं. तेवढंच धरून तो उभा राहिला.

मागच्या रांगेत कुजबुज झाली.

"शेंडी नाही ठेवली वं त्यानं."

"त्यायच्यात नसते," प्रेरणा म्हणाली.

आणि तेही जुळलं.

*

त्यानंतर सगळं मऊ झालं. प्रेरणानं पाण्याची बाटली आधी त्याच्याकडे दिली. एका पोरानं, जो एरवी त्याच्या चपला लपवायचा, त्या उचलून कडेला नीट लावल्या. धापा टाकल्या तरी सर ओरडले नाहीत.

फाइटमध्ये पार्टनर नेहमीचाच, ऋतिक. दोघांचं वजन सारखं म्हणून जोडी. तशी मैत्री नव्हती. मारामारी होती, तीही नियमात.

ऋतिकचा ठोसा आला आणि छातीच्या अलीकडे हातभर थांबला.

"मार ना बे."

"मारतो ना."

पुन्हा हातभर.

"काय झालं तुले? उन्हाळ्यात हात गहान ठेवला का?"

ऋतिक हसला नाही. अश्वजितच्या डोक्याकडे पाहून त्यानं नजर काढून घेतली.

*

शेवटी ताण काढायचा असतो. दोघं समोरासमोर बसतात, पाय फाकवून, तळव्याला तळवा लावून. एकमेकांचे हात धरतात. एक मागे ओढतो, दुसरा पुढे वाकतो. मग उलट.

ऋतिक ओढतो. अश्वजित वाकतो.

"मांगच्या साली मी टकला होऊन आलो, तवा सारे हात मांगं घेत. आठवते?"

अश्वजित ओढतो. ऋतिक वाकतो.

"तू एकटा मारे. नाकावर मारलं होतं तू माह्या."

"मुद्दाम नव्हतं."

"असो. बरं वाटलं होतं."

ऋतिक ओढतो.

"तुले एक सांगू? आईले बी नाही सांगतलं."

अश्वजित ओढतो. ऋतिक खाली वाकतो आणि फरशीशी बोलतो.

"त्या दिवशी बाबा म्हने, आज पंप तू घे. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलती. आदल्या दिवशी बी त्यानंच औषध मारलं होतं, त्याले आराम पाह्यजे होता. मी म्हटलं, माही बेल्टची परीक्षा हाये. लय बोललो. म्हटलं, जमत नसन तं मजूर लावा, मले कायले जुंपता."

ऋतिक ओढतो. आता अश्वजितचं तोंड खाली आहे.

"तो गेला. मी इथं आलो. तुह्यासंगच तं काताचे डाव करून राह्यलो होतो मी. ग्रीन बेल्ट भेटला."

अश्वजित ओढतो.

"घरी गेलो तं तो खाटेवर. म्हने, ऋत्या, दिवा लाव ना. दिवस होता अश्वजित. ऊन होतं घरात."

कोणीच ओढत नाही.

"कोनाले सांगता नाही ये. ज्याचा बाप हाये त्याले काय सांगू? आता तुले समजन." ऋतिकनं हात घट्ट धरले. "तुह्या बाबाचं कशानं झालं?"

*

इथे.

इथे अश्वजितला कळलं. सरांचा तळवा, दोन मिनिटं, बाटली, चपला, हातभर थांबलेला ठोसा, सगळं एकाच वेळी. हसूही येऊ शकलं असतं. समोर ऋतिकचा चेहरा नसता तर.

माहा बाबा जित्ता हाये, एवढंच म्हणायचं होतं. पण ऋतिकनं आत्ताच जे दिलं होतं ते अजून दोघांच्या हातांमध्ये होतं, आणि हे वाक्य त्याच्यावर जाऊन पडलं असतं.

"तिकडंच," अश्वजित म्हणाला. "कामावर."

"आनलं का इकडं?"

अश्वजितनं मान हलवली. नाही.

"पाह्यलं बी नाही मंग तू," ऋतिक म्हणाला. आणि त्यानं ओढलं, अगदी हळू, जसं लहान मुलाला ओढतात.

*

मथुराबाई कोणाच्या तरी वावरात सरकी टोबून आली होती. बोटांच्या पेरांत माती. अश्वजितनं ताट पुढे घेतलं आणि म्हणाला,

"आई, क्लासमधी साऱ्यायले वाटते, बाबा मेला."

"कोनं मारला?"

"माह्या डोक्यानं."

ती हसली. पदर तोंडाला लावून हसली. मग थांबली.

"आन् तू काय म्हटलं?"

"काहीच नाही."

"काहीच नाही?"

"दोन मिनिटं उभे राह्यले सारे. मी बी राह्यलो. मले मालूम नव्हतं ना वं."

"जित्त्या मानसासाठी उभा राह्यला तू. आन् आता घरी येऊन भाकर खाऊन राह्यला."

ती उठली, हात न धुताच मोबाइल घेतला. पलीकडे रिंग जात राहिली तोवर ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"हॅलो. जेवले का?"

"जेवलो ना. काहून?"

"काही नाही. असंच."

डोमाजीचा आवाज चुलीपर्यंत ऐकू येत होता. "पोट्ट्याचं टक्कल कसं दिसते? फोटो तं पाठवा. शनिवारी येऊन राह्यलो मी, सुट्टी देली त्यायनं. त्याले म्हनजो, केस वाढवू नोको, मले पाह्यचं हाये."

फोन ठेवल्यावर मथुराबाईनं हात धुतले. पुष्कळ वेळ धुतले.

"उद्या सांगून टाक सरले."

"सरले सांगतो. ऋतिकले कसं सांगू?"

"तसंच."

"त्यानं मले काहीतरी सांगतलं, आई."

"काय?"

"तेच तं सांगता येत नाही."

*

असं सांगता येईल:

ऋतिक, माहा बाबा जित्ता हाये.
(त्याच्यासमोर हे मिरवल्यासारखं.)

ऋतिक, गैरसमज झाला.
(झाला, की होऊ दिला?)

ऋतिक, तू कायले सांगतलं मले? मी विचारलं होतं का?
(नाही. कधीच नाही.)

सायकलवरून, न थांबता, ओरडून.

प्रेरणाकडून निरोप.

काहीच न सांगणं. डोमाजी येईल, चार दिवस घरात राहील, परत जाईल. तेवढे दिवस तापाचं निमित्त. केस वाढतात. लोक विसरतात. ऋतिक ओढत राहील, हळू हळू, आणि आपण वाकत राहू.

शेवटच्यावर त्यानं सगळ्यांत जास्त विचार केला.

*

दुसऱ्या दिवशी तो क्लासला सगळ्यांच्या आधी गेला. ऋतिकला दारातच गाठायचं ठरवून. ऋतिक नव्हता. बाबूसिंग सर फरशीवर पाणी मारत होते.

सरांना सांगणं सोपं गेलं. सर बादली धरून ऐकत राहिले.

"शिबिर?"

"हो सर."

"टक्कल करते का बे शिबिरात?"

"हो सर. पहिल्याच दिवशी."

"आन् बाबा?"

"पुन्याकडं हायेत. गेटवर. शनिवारी येऊन राह्यले."

सर बादलीवर बसले. बादली भरलेली होती, त्यांची पँट भिजली. ते उठले आणि हसायला लागले, मग एकदम थांबले.

"दोन मिनिटं उभे केले ना मी! पोट्टे काय म्हनतीन मले? घरोघरी सांगतलं असन त्यायनं. माह्या बायकोनं तं उपास धरला कालचा!"

"सर, ऋतिकले मी सांगतो आधी. माह्या तोंडानं. तवर तुमी—"

"हो हो. सांग तू. तू सांग."

पण पोरं येऊ लागली. ऋतिक उशिरा आला, रांग लागल्यावर, धावत. आणि सरांच्या पोटात ती गोष्ट मावत नव्हती. चूक त्यांची होती आणि ती त्यांना लवकरात लवकर गंमत करून टाकायची होती.

"एक आनंदाची बातमी! आपले डोमाजीभाऊ एकदम ठनठनीत हायेत! ह्या बुद्दूनं शिबिरात टक्कल केलं आन् आपल्याले रडवलं. शनिवारच्या गाडीनं येऊन राह्यले. वाजवा टाळ्या!"

शेड टाळ्यांनी भरली. टिनावर आवाज दुप्पट होतो. कोणीतरी मागून अश्वजितच्या डोक्यावर टपली मारली.

"टकल्या! आधी नाही सांगता येत होतं?"

"मी उगाच रडली बे घरी जाऊन," प्रेरणा म्हणाली. "माह्या आईनं तुह्या घरी याले साडी बी बदलली होती."

अश्वजितनं शेजारी पाहिलं. ऋतिकही टाळ्या वाजवत होता. समोर पाहत, एकसारख्या. सगळ्यांच्या थांबल्यावरही त्याच्या दोन-तीन वाजल्या.

*

फाइट. जोडी तीच.

दोघं समोरासमोर आले आणि वाकले. वाकल्यावर डोकी जवळ येतात. तेवढ्यात ऋतिक बोलला, ओठ न हलवता.

"मंग माह्यं वापस दे."

"काय?"

"सांगतलेलं."

"ऋतिक, मी कोनाले सांगनार—"

"तुले तं बाप हाये. तू कायले ठेवतं ते?"

"हाजिमे!" सर ओरडले. सुरू करा.

ऋतिकनं हात वर घेतले नाहीत. ते दोन्ही बाजूंना लोंबत राहिले, वाळत घातलेल्या शर्टाच्या बाह्यांसारखे. अश्वजित थांबला.

"अश्वजित! आता काय सुतक हाये का? मार!"

पोरं हसली. अश्वजितला नाकावर मारलेलं आठवलं, आणि त्यानंतरचं, बरं वाटलं होतं. दुसरं काही त्याच्याकडे नव्हतं. त्यानं छातीवर ठोसा मारला. भरीव आवाज आला. ऋतिक एक पाऊल मागे गेला आणि तेवढंच पुढे आला. हात खालीच. अश्वजितनं पुन्हा मारलं. ऋतिक पुन्हा पुढे आला. तिसऱ्यांदा मारताना अश्वजितचा हात अर्ध्यातच सैल झाला, आणि ऋतिकनं स्वतःच छाती पुढे करून तो लावून घेतला.

हसणं बंद झालं होतं.

"यामे! थांबा!" सर मध्ये आले. "ऋतिक, हात वर."

"ओस."

'ओस' म्हणजे हो सर. हात वर आले नाहीत.

"बरं नाही वाटत का? जा, पानी पी."

"ओस."

ऋतिक सरांना वाकला. अश्वजितला वाकला, नियम म्हणून. कोपऱ्यातून पिशवी घेतली. बेल्ट सोडला आणि तो नीट घडी करून, जसा शिकवला तसा, फरशीवर ठेवला. सायकलचं स्टँड काढल्याचा आवाज आला.

हिरवा बेल्ट क्लास सुटेपर्यंत तिथेच होता. मग सरांनी उचलून कपाटात ठेवला. "येईन घ्याले," ते म्हणाले.

*

शनिवारी एसटी उशिरा आली. डोमाजी मागच्या दारानं उतरला, खांद्यावर पिशवी, केसांना तेल. मुलाला पाहून त्यानं आधी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. खुंट वाढले होते.

"अरे, उगवलं का लगेच? पानी जास्त देलं वाटते आईनं."

अश्वजित हसला. हसताना त्याला पलीकडे पानठेल्यापाशी ऋतिक दिसला. सायकलवर, एक पाय जमिनीवर. तो पाहत होता. अश्वजितकडे नाही, डोमाजीकडे. माणसाच्या पायांपासून वरपर्यंत, हळूहळू, जसं खात्री करून घेतात.

मग तो सायकल हातात धरून आला.

"काका."

"हं, बोल बेटा."

"फवारनीले जाऊ नोका."

डोमाजीला गंमत वाटली. "मी कायले जातो बाप्पा? मी तं गेटवर खुर्चीत बसतो. कोनाचं वावर न् कोनाचा पंप."

"तरी बी. इकडं आले का लोक बोलावते. एक दिवस चाला म्हनते. जाऊ नोका."

"बरं. नाही जात."

"खरंच?"

डोमाजीचं हसू उतरलं. त्यानं पोराकडे नीट पाहिलं. "खरंच, बेटा. नाही जात."

ऋतिकनं मान हलवली. सायकलवर टांग टाकली आणि निघून गेला. अश्वजित तिथे आहे हे त्याच्या पाठीला ठाऊक होतं, पाठ तशीच राहिली.

"कोन होय हा?"

"क्लासमधला."

"दोस्त हाये तुहा?"

अश्वजितनं लांब गेलेल्या सायकलकडे पाहिलं.

"काहून म्हटलं त्यानं असं? मले तं ओयखत बी नाही."

उत्तर अश्वजितला ठाऊक होतं. सुरुवात कुठून करायची तेही आता ठाऊक होतं. पण ते त्याचं नव्हतं, आणि वडिलांना सांगणं म्हणजे ते आणखी एकाच्या हातात देणं.

"मले नाही मालूम," तो म्हणाला.

डोमाजी थांबला. उन्हाळाभर मुलाचा आवाज फक्त फोनवर ऐकला होता. फोनवर कळत नाही, समोर कळतं. पोरगं काहीतरी लपवून राह्यलं, आणि ते आपल्या माघारी झालेलं आहे, एवढं त्याला कळलं.

"बरं," तो म्हणाला.

अश्वजितनं पिशवीसाठी हात पुढे केला. "राहू दे," म्हणून डोमाजीनं ती दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि तो पुढे चालू लागला. अश्वजित त्याच्या मागून निघाला, थोडं अंतर ठेवून.